गिटारच्या पोटातली ओळ

चिठ्ठी: जपानी बास गिटार, पोकळ पोटाची, चार तारा. मालक भावजी. काम: मान बारीक करणे.

"बारीक म्हणजे किती, तेही लिही की," भावजी म्हणाले.

"लिहितो ना."

"लिहितो म्हणतोस आणि पेन्सिल कानावर ठेवतोस."

त्याने पेन्सिल कानावरून पुन्हा काढली. दुकानात येणाऱ्या प्रत्येक वाद्याला जाड कागदाची चिठ्ठी बांधायची, तिच्यावर काम लिहायचं, काम झालं की ओळीवर रेघ मारायची. अशा चिठ्ठ्या लिहिता लिहिता त्याचे केस पांढरे झाले होते. आज मात्र टोक कागदावर टेकेना. आपलं तोंड समोरच्याला दिसू नये म्हणून तो टेबलावर वाकून, न सांडलेले स्क्रू गोळा करत होता.

भावजी म्हणजे ताईचे यजमान. सत्तरी उलटलेली. चार महिन्यांपूर्वी मेंदूत रक्ताची गुठळी झाली आणि डावं अंग गेलं. मग एकेक करून परत आलं. पाय आला, तोंड आलं. तोंड तर पहिल्यापेक्षा जास्तच आलं, असं ताईचं म्हणणं. डावा हात तेवढा अर्धाच आला. पंजा पुरता उघडेना, मूठ पुरती मिटेना. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, जे आवडतं ते या हाताला करायला लावा, आणि आत्ताच लावा, वर्षभराने नको. भावजींना आवडणारी गोष्ट एकच होती, आणि तिची मान त्यांच्या अर्ध्या हातात मावत नव्हती.

त्या बाईंनी एक पांढरा दोरा अंगठ्याच्या टोकापासून करंगळीशेजारच्या बोटाच्या टोकापर्यंत धरून कापून दिला होता. हात उघडतो तो एवढा. भावजींनी खिशातून तो दोरा काढला आणि गिटारच्या मानेमागून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढला. नखभर कमी पडला.

"हे नखभर काढायचं," ते म्हणाले. "बाकी तुझी कला."

"दुसरी गिटार घेतली तर? बारीक मानेच्या मिळतात हल्ली. हलक्या."

"बायको बारीक होत नाही म्हणून दुसरी करतो का कुणी?"

"करून बघा," दारातून ताई म्हणाली. "गोळ्यांच्या वेळा कोण सांभाळतं तेही बघते मी." ती दम खात उभी होती. दुकान पहिल्या मजल्यावर, जिना लाकडी, एकोणीस पायऱ्यांचा, मधे एक वळण आणि वळणावर लोखंडी कठडा. "किती वर्षं सांगतेय तुला, खाली जागा बघ. या जिन्यात एक दिवस कुणाचं तरी काहीतरी मोडेल."

त्याने स्क्रू डबीत टाकले.

मोडून झालं होतं. एकेचाळीस वर्षं झाली होती. त्याच जिन्यात, त्याच वळणावर. आणि जे मोडलं होतं ते आता टेबलावर आडवं पडलं होतं, नखभर कमी करून घ्यायला.

*

सांगायचा पहिला प्रयत्न.

"भावजी, लग्नानंतर तुम्ही दोघं पहिल्यांदा आठ दिवस बाहेरगावी गेला होतात ना, तेव्हा..."

"तेव्हा काय?"

"तेव्हा घराची किल्ली माझ्याकडे होती."

"होती ना. झाडांना पाणी घालायला," ताई म्हणाली. "एक झाड जिवंत ठेवलं नाहीस. माझी तेरा कुंड्यांची बाग. आजही कुणी रोप दिलं की मला तुझंच तोंड आठवतं."

"सॉरी ताई."

"एकेचाळीस वर्षांनी सॉरी म्हणतोय," ताई भावजींना म्हणाली. "बरा आहे ना हा? पांढरा पडलाय."

प्रयत्न संपला.

*

झाडांना पाणी का घातलं नाही, हे वाचणाऱ्याला आत्ताच सांगून टाकतो, कारण त्याला स्वतःला ते एवढ्यात सांगता येणार नाही.

तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता आणि हेच दुकान मास्तरांचं होतं. आई गेल्यावर त्याला ताईनेच वाढवलं, आणि मास्तरांकडे कामाला आणून बसवलं तेही तिनेच. बोटं सदा चिकट, म्हणून भावजींनी नाव ठेवलं डिंक्या. ते दिवसा मालवाहतुकीच्या कचेरीत काम करायचे आणि संध्याकाळी एका वाद्यवृंदात बास वाजवायचे. ही गिटार त्यांनी जहाजावरच्या एका वादकाकडून नुकतीच घेतली होती. कडांना काळी, मधे पिकत आलेल्या फळासारखी लालपिवळी. दोन बाजूंना एफ अक्षरासारखी भोकं, त्यांना पांढरी किनार. उचलली तर रिकाम्या डब्यासारखी हलकी. तिला हात लावायची परवानगी कुणालाच नव्हती.

किल्ली हातात आल्यावर दुसऱ्याच दिवशी तो गिटार घेऊन निघाला. मास्तर तापाने घरी होते, दुकान रिकामं होतं, आणि दुकानातल्या मोठ्या अॅम्प्लिफायरवर ती कशी बोलते एवढंच त्याला ऐकायचं होतं. पेटी जड, म्हणून पेटी घरीच ठेवली. वळणावर पाय घसरला. तो पडला नाही, गिटारही पडली नाही. फक्त मान कठड्यावर आपटली. आवाज अगदी लहानसा झाला, खडू मोडावा तसा.

मान खुंट्यांच्या खालपासून तिरकी चिरली होती. पुढचे सहा दिवस तो त्यांच्या घरी गेलाच नाही. सरस तापवला, चिरेत भरला, सांधा धरेना म्हणून मागून दोन बारीक खिळे डोकी छाटून ठोकले, वरून रंग दिला, घासला, परत दिला. भावजी आले तेव्हा गिटार पेटीत होती आणि बाग वाळली होती. सगळा ओरडा बागेवर गेला.

त्यानंतर त्या गिटारचा एक सूर मेला. बारीक तार, सातवा फ्रेट, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांतली सातवी. बोट ठेवलं की बाकीचे सूर जिथे लांबवर जात, तिथे हा एक धप्प करून बसायचा. भावजींना वाटलं, बोट कच्चं आहे. करंगळीशेजारचं. त्या बोटासाठी त्यांनी रबरी चेंडू दाबले, वाळूची पिशवी उचलली. ताईने रोज जेवणानंतर त्या बोटाला तेल चोळलं, वर्षानुवर्षं. मोठ्या रेकॉर्डिंगसाठी एकदा बोलावणं आलं तेव्हा संगीतकाराने तो सूर तीनदा वाजवायला लावला, आणि चौथ्यांदा दुसऱ्याला बोलावलं. भावजी घरी येऊन म्हणाले, माझं बोटच मुळात अर्धमेलं आहे. मग कचेरीत आणि संध्याकाळच्या वाद्यवृंदातच रमले.

आणि हे सगळं त्याने पाहिलं. त्यांच्याच घरी, त्यांच्याच ताटाशेजारी बसून.

*

चिठ्ठी, नवी ओळ: मागचा पिकअप मधूनच गप्प होतो. उघडून बघणे.

"मी बसतो इथे," भावजी म्हणाले. "घरी भिंतीकडे बघण्यापेक्षा तुझ्याकडे बघेन. भिंत जास्त देखणी आहे, पण बोलत नाही."

"कशाला त्रास घेता? दोन दिवसांनी फोन करतो ना."

"डिंक्या, तू मला हाकलतोयस का?"

"छे."

ताई खाली औषधांच्या दुकानात गेली आणि भावजी उंच स्टुलावर बसले, टेबलापासून हातभर अंतरावर. उघडायचं म्हणजे आत बघायचं, आणि आत काय आहे ते जगात फक्त त्यालाच माहीत होतं. निदान त्या क्षणापर्यंत त्याची तशी समजूत होती.

मास्तरांची एक शिस्त होती. जे वाद्य उघडशील त्याच्या आत पेन्सिलीने लिहायचं: तारीख, आणि काय केलं. वरच्या फळीच्या आतल्या अंगाला लिहायचं, आरसा घातल्याशिवाय दिसणार नाही असं. ते मालकासाठी नसतं, आपल्यानंतर जो उघडेल त्याच्यासाठी असतं. खोटं लिहायचं नाही. तेविसाव्या वर्षी, रडून लाल झालेल्या डोळ्यांनी, काडीला पेन्सिलचा तुकडा बांधून त्याने ही शिस्त पाळली होती. मालकाची भीती होतीच, पण न लिहिण्याची भीती तिच्याहून मोठी होती.

त्याने तारा सैल केल्या, जाड तार आधी, आणि एकेक उतरवली. बटणं ओढून काढली. पोकळ गिटारला मागे झाकण नसतं. आतली सगळी जोडणी त्या एफच्या भोकातून बाहेर काढावी लागते आणि त्याच भोकातून परत आत घालावी लागते. म्हणून प्रत्येक बटणाच्या दांडीला आधी दोरा बांधायचा, म्हणजे नंतर ओढून तिला तिच्या जागी आणता येतं. दोरे बांधताना दोन गाठी सुटल्या. एरवी त्याची गाठ सुटत नसे.

"गाठी का सुटतायत रे तुझ्या? अटॅक मला येऊन गेलाय."

"चहा जास्त झाला."

"दिवा धरू?"

नको म्हणायला कारण सुचलं नाही. भावजींनी उजव्या हातात छोटा दिवा धरला. त्याने पिकअपचे, म्हणजे तारांखालच्या आवाज उचलणाऱ्या डबीचे, स्क्रू काढले, चंदेरी झाकण उचललं, आणि त्या चौकोनी भोकातून दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा आत घातला.

अक्षरं आरशात उलटी दिसतात. उलटं वाचायची त्याला सवय होती.

मान मोडली, माझ्या हातून. सरसाने जोडली. दोन खिळे. कुणाला सांगितलं नाही.

आपलं कोवळं, उतावळं अक्षर त्याने ओळखलं. तो आरसा काढणार होता. तेवढ्यात दिवा जरासा हलला आणि त्याच्या ओळीखाली आणखी एक ओळ उजळली. ते अक्षर बारीक, सरळ आणि एकसारखं अंतर सोडून काढलेलं होतं. मास्तरांचं.

सांधा पाहिला. बरा आहे. मालकाला सांगणं हे मोडणाऱ्याचं काम, माझं नाही.

खाली तारीख होती, त्याच्या तारखेनंतर दोन वर्षांनी. तेव्हा भावजींनी एक सुटलेली वायर जोडायला गिटार दुकानात आणली होती, आणि त्या दिवशी तो बाहेर सामान आणायला गेला होता. त्यानंतर सतरा वर्षं मास्तर याच टेबलाच्या त्या बाजूला बसले. सतरा वर्षं दोघांनी एकाच किटलीतला चहा प्यायला. मास्तर गेले तेव्हा याने त्यांचे पाय धरले होते. पण या ओळीबद्दल ते जिवंतपणी एका शब्दाने बोलले नाहीत. कधी कधी काम करता करता मान वर करून ते नुसते बघायचे, आणि त्याला वाटायचं, आपलं काम बघतायत.

आरसा त्याने आतच धरून ठेवला.

"काय रे, उंदीर दिसला?"

"काही नाही. वायर."

"बघू." भावजींनी दिवा त्याच्या हातात दिला आणि आरसा घेतला. त्याला थांबवता आलं नाही. ते एक डोळा मिटून भोकावर वाकले. दुकानात खालून टायर बडवल्याचा आवाज येत होता. त्याने तो मोजला. नऊ वेळा आला.

"कुणीतरी लिहिलंय आत. उलटं आहे. तीनचार ओळी." भावजींनी मान तिरकी केली. "माझा चष्मा घरी राहिला. वाच ना."

"आमची पद्धत असते ती. कारागिरांची."

"पद्धत असू दे. लिहिलंय काय?"

"तारीख." तो थांबला. "आणि वायर जोडली, असं."

"एवढं सांगायला तीनचार ओळी? मास्तर एवढे बोलघेवडे नव्हते."

*

सांगायचा दुसरा प्रयत्न. हा मनातल्या मनात झाला, आणि वाक्य असं होतं: भावजी, तुमचं बोट कच्चं नव्हतं. वाक्य फार चांगलं होतं. पण त्याच्या पुढचा शब्द 'कारण' हा होता, आणि तिथे येऊन तो प्रत्येक वेळी परत फिरत होता, जिन्याच्या वळणावर आल्यासारखा.

*

चिठ्ठी: पिकअपची वायर सुटली होती, जोडली. (रेघ.) मान घासायला घेतली.

त्याने मान गादीवर उलटी टेकवली आणि दोन मुठींचा रंधा हातात घेतला आणि पहिली साल काढली, पातळ, लाल रंगाची, कारण आधी रंग जातो, मग दुसरी काढली, ती पांढुरकी, मग कॅलिपर लावून मोजलं, मग दोरा लावला, मग पुन्हा रंधा, आणि हे सगळं त्याने खुंट्यांपासून लांब, पोटाच्या बाजूला केलं, कारण तिकडे काही नव्हतं, नुसतं लाकूड होतं, सरळ, पन्नाससाठ वर्षं वाळलेलं, आणि तासभर तो तिकडेच रेंगाळला, जितकं रेंगाळता येईल तितकं, आणि भावजी बघत होते, आणि शेवटी भावजी म्हणाले, "माझा हात खुंट्यांच्या बाजूला असतो रे, इकडे नाही," आणि मग जावंच लागलं.

तो खुंट्यांकडे सरकला. रंधा बाजूला ठेवून पोलादी पातं घेतलं, दोन्ही अंगठ्यांनी वाकवून चालवायचं ते. त्याने साली काढायचं सोडून नुसती धूळ काढायला सुरुवात केली. त्याने दिलेला जुना रंग निघाला. खाली केसाएवढी तिरकी रेघ दिसू लागली. भावजींना स्टुलावरून ती दिसत नव्हती. आणखी एक हात. आणखी एक.

किर्र.

पात्याच्या धारेला दात पडला. लाकडात एक चकाकता ठिपका उगवला होता, टाचणीच्या डोक्याएवढा.

दृष्टी अधू झाली असेल, पण भावजींचा कान चाळीस वर्षं वाद्यवृंदात बसलेला होता. "धातू," ते म्हणाले.

"हं."

"मानेत धातू? आतली सळई तर खोल असते, तूच सांगितलेलंस. हा खिळा आहे." ते वाकले. "जपानी लोक मानेत खिळे मारतात?"

आणि तो म्हणाला, "त्या काळात मारायचे कधीकधी."

शब्द तोंडातून गेले तसं त्याला वाटलं, आता भावजी उठून कानाखाली देतील. भावजी खूश झाले. ते खरंच खूश झाले. ताई वर आल्या आल्या त्यांनी तिला सांगितलं, "ऐकलंस का, आपल्या गिटारला कारखान्यातून खिळा मारून आलाय. जहाजावरचा तो बाबा म्हणाला होता, हिच्यासारखी दुसरी नाही. बरोबर बोलला."

"खिळा असो नाहीतर मोळा," ताई म्हणाली. "हात पुरतोय का ते बघा."

भावजींनी दोरा लावला. अजून कमी पडत होता. आता नखभर नाही, नखाची कड तेवढी.

तेवढंच राहिलं होतं. पण खिळे जागेवर असताना एक केसभरही घासता येत नव्हतं. खिळे ओढायचे तर त्यांनी धरून ठेवलेला सांधा उघडणार, कदाचित अर्धा, कदाचित सगळाच. मान दोन तुकडे होऊन हातात येऊ शकत होती. आणि मालकाला विचारल्याशिवाय अशा कामाला हात घालायचा नाही, ही त्याची स्वतःची शिस्त होती, मास्तरांची नव्हे. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं: हे मोडू शकतं, हो म्हणा किंवा नाही म्हणा.

आता विचारायचं तर काय मोडू शकतं? कारखान्यातली मान?

इथेच थांबला तर गिटार घरी जाईल, मान नखाच्या कडेएवढी जाड राहील, भावजी दोन दिवस झटतील, तिसऱ्या दिवशी तिला पेटीत ठेवतील आणि म्हणतील, हे बोट पहिल्यापासूनच मेलेलं होतं. ताई तेलाची बाटली आणेल. त्याला हे सगळं इतकं लख्ख दिसलं की तो पातं ठेवून खाली बसला.

"ताई, खाली जाऊन पॉलिश पेपर आणतेस? चारशे नंबरचा."

"मी? एकोणीस पायऱ्या पुन्हा?"

"आण ना."

ताईने दोघांकडे एकेकदा पाहिलं आणि ती गेली.

*

तिसरा प्रयत्न.

"भावजी, तो खिळा मी मारलाय."

पुढचं आपोआप आलं, आणि उलट्या क्रमाने आलं. आधी खिळे, मग सरस, मग जिन्याचं वळण, मग किल्ली, शेवटी झाडं. सांगताना तो त्यांच्या तोंडाकडे बघू शकला नाही. त्यांच्या डाव्या हाताकडे बघत राहिला, मांडीवर अर्धा उघडा पडलेल्या. संपल्यावर खालचा टायरचा आवाजही बंद झाला होता.

"आत तेच लिहिलंय?"

"हो."

"वाच. आता खरं वाच."

त्याने आरसा घातला आणि दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. मास्तरांची त्याला दोनदा वाचावी लागली.

भावजींनी उजव्या हाताने ते डावं बोट उचललं, दुसऱ्या कुणाचं असावं तसं, आणि बराच वेळ धरून ठेवलं.

"याला मी काय काय बोललोय," ते म्हणाले. मग म्हणाले, "तो सूर आधी नीट होता का?"

"माहीत नाही. खरंच माहीत नाही. कधीकधी लाकडातच असतो असा एखादा सूर. माझ्यामुळे गेला असेल. नसेलही."

"म्हणजे तेही कळणार नाही मला."

"नाही."

ते उठले. काठी घेतली. तो पण उठला, तर त्यांनी काठीनेच त्याला खाली बसायची खूण केली. दारापर्यंत जाऊन, पाठमोरे राहून म्हणाले, "खिळे काढ."

"मान तुटू शकते."

"तुटलेलीच आहे ती."

जिन्यावर त्यांची काठी वाजत गेली. वळणावर थांबली. बराच वेळ थांबली. मग पुढे गेली.

*

चिठ्ठी: खिळे दोन, काढले. पहिला सुटला. दुसऱ्याबरोबर सांधा उघडला, पोस्टकार्ड जाईल एवढा. जुना सरस खरवडला. नवा भरला. क्लॅम्प सहा. दोन दिवस हात लावायचा नाही.

ते दोन दिवस त्याने कसे काढले ते चिठ्ठीवर नाही. फोन वाजला की धाबं दणाणायचं आणि वाजला नाही की जास्तच. ताईचा फोन एकदा आला. "काय झालंय रे? हे जेवतायत, झोपतायत, बोलत नाहीत. चार महिन्यांत पहिल्यांदा गप्प आहेत. मला भीती वाटतेय." याचा अर्थ त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, गिटारची काळजी असेल. तेव्हा त्याला कळलं की मास्तरांची ओळ अजून संपलेली नाही. मोडणाऱ्याचं काम अर्धंच झालंय, आणि जे राहिलंय ते जास्त अवघड आहे. भावजी परके होते, निदान तेव्हा तरी. बोटाला तेल चोळणारी ताई होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावर काठी वाजली. एकटी.

भावजी स्टुलावर बसले. त्याने क्लॅम्प एकेक करून सोडले. सांधा बसला होता. त्याने उरलेली कड घासली, पेपर फिरवला, नुसतं तेल लावलं. रंग दिला नाही. तिरकी रेघ उघडी ठेवली, कुणालाही दिसेल अशी. दोरे ओढून बटणं जागेवर आणली, हलक्या मऊ तारा चढवल्या आणि सूर लावले. प्रत्येक पीळ देताना त्याने कान मानेला लावला होता. मान कुरकुरली नाही.

भावजींनी दोरा लावला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. पुरला.

मग त्यांनी गिटार मांडीवर घेतली. डावा हात मानेखाली गेला, आणि अंगठा आणि बोटं दोन्ही बाजूंनी वर आली, हळूहळू, आंधळ्याने चेहरा चाचपावा तशी. ते थेट तिथेच गेले. बारीक तार, सातवा फ्रेट, तेच बोट. दाबायला वेळ लागला. कपाळावर घाम आला. उजव्या अंगठ्याने तार सोडली.

सूर निघाला आणि चालत राहिला. खिडकीच्या काचेत थोडा गुणगुणला आणि मग विरला.

भावजींनी बोट एक फ्रेट अलीकडे घेतलं. सहावा. तार सोडली. धप्प.

"गेला नाही," ते म्हणाले. "एक घर सरकला."

"मान बारीक झाली की सरकतो." त्याने हात पुढे केला. "भावजी, मी काहीतरी..."

"हात लावू नकोस. आता हा कुठे आहे ते मला माहीत आहे. कुणी केला तेही." त्यांनी गिटार त्याच्याकडे दिली. "पिकअप पुन्हा उघड. आत लिही."

"काय लिहू?"

"मी सांगतो. आज मालकाने सांगायचं, कारागिराने लिहायचं."

त्याने काडीला पेन्सिलचा तुकडा बांधला. आरसा भावजींनी धरला, डाव्या हातात. आरसा थरथरत होता, अक्षरं त्यात थरथरत होती, पण सुटला नाही. मास्तरांच्या ओळीखाली जागा होती, मुद्दाम सोडल्यासारखी. भावजी एकेक शब्द सांगत गेले.

खिळे काढले. मान बारीक केली. मालकाला सांगितलं. मालकाने माफ केलं की नाही ते मालक ठरवेल.

"पुढे?" त्याने विचारलं.

"पुढे लिही, मालकिणीला सांगितलं."

पेन्सिल थांबली. "तिला अजून नाही सांगितलं, भावजी. आत खोटं लिहायचं नसतं."

"मग लिहू नकोस. थांब. ती येतेय. मी पुढे निघून आलो, ती घरचं आटपून पेपर घेऊन येतेय तुझा, चारशे नंबरचा. त्या दिवशी तिला मिळाला नव्हता, तेव्हापासून डोक्यात आहे तिच्या."

जिन्यावर चपला वाजू लागल्या. त्याने मोजल्या, इलाज नव्हता. आठ, नऊ, दहा. वळण. तिथे ती नेहमी कठड्याला धरून दम खायची. हातात काडी तशीच होती, टोक गिटारच्या पोटात, शेवटच्या शब्दाच्या पुढे.

"मी सांगू का?" भावजींनी हळूच विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

सतरा, अठरा. ताई दारात आली. हातात पेपरची गुंडाळी. तिने एकदा भावजींकडे, एकदा त्याच्याकडे, एकदा त्या काडीकडे पाहिलं.

"हे काय चाललंय? आणि दोघंही गप्प?"

"ताई, बस," तो म्हणाला.

ती बसली नाही.

"त्या आठ दिवसांत मी झाडांना पाणी घातलं नाही," तो म्हणाला, "कारण मी इथे होतो."